पेटा घातला म्हणून गोळी सुटत नाही

अन्याय झाला तो अंबाजीराव शिंदे यांच्यावर. घड्याळाच्या कारखान्यातले निवृत्त तपासनीस, राहणार बनशंकरी, बेंगळुरू. कधी झाला? यंदाच्या उगादीनंतरच्या, म्हणजे पाडव्यानंतरच्या, पहिल्या शनिवारी, सकाळी साडेअकराला. कुठे झाला? जयनगरातल्या एका हृदय-पुनर्वसन केंद्राच्या हॉलमध्ये, भर टाळ्यांत, डोक्यावर म्हैसुरी पेटा, म्हणजे इकडचा जरीचा फेटा, चढवून.

अण्णा, एवढं तरी पास कराल? कोण, कधी, कुठे. माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी तुम्ही डोळ्याला भिंग लावून वाचायचात, आणि पहिल्याच ओळीत 'ज्वलंत' किंवा 'अक्षम्य' दिसलं की त्यावर बोट ठेवायचात. "आधी माल दाखव. रंग नंतर लाव." फुटपाथांवरच्या उघड्या गटारांबद्दल मी तीन पानं लिहिली होती. तुम्ही ती अर्ध्या पानावर आणलीत आणि वर म्हणालात, "मोर्चाक्का, एवढं रागावायला लोकांना वेळ नाही." तेव्हा मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. पत्रक मात्र अर्ध्या पानाचंच छापलं. आणि लोकांनी ते वाचलं.

परवा तुमचं तेराव्याचं जेवण झालं. आले ते सगळे तेच बोलून गेले. काय भाग्याचं मरण. फिरून आले, खुर्चीत बसले, एक बूट काढला आणि गेले. कुणाला त्रास नाही, काही नाही. मी मान हलवत राहिले, कारण आई समोर बसली होती. दुसरा बूट मी काढला, अण्णा. नाडीला तुम्ही नेहमीसारखी दुहेरी गाठ मारली होती. ती सुटेना. भाग्यबिग्य मला दिसलं नाही तिथे.

तुम्ही म्हणाल, रंग लावते आहेस. बरं. माल दाखवते.

संक्रांतीच्या आठवड्यात तुम्हाला हार्ट अटॅक आला, स्टेंट बसला, आणि डॉक्टरांनी त्या केंद्रात पाठवलं. केंद्र वाईट होतं असं मी म्हणणार नाही. गच्चीचा जिना चढताना निम्म्यावर थांबून कठड्याला धरणारा माणूस उगादीला वर जाऊन कडुनिंबाचा डहाळा तोडून घेऊन आला, ही त्यांचीच करामत. तुम्हाला तिथलं चालण्याचं यंत्र आवडायचं नाही. "चालायचं आणि पोचायचं कुठेच नाही, हा कसला कारभार?" पण बाजूच्या यंत्रावरचा निखिल आवडायचा. नागपूरचा मुलगा, व्हाइटफील्डला कंपनीत, चाळिशीसुद्धा गाठली नव्हती आणि छातीत तुमच्यासारखाच स्टेंट. तुम्ही त्याचं नाव कंप्यूटर ठेवलं होतं.

"अरे कंप्यूटर, माझं मशीन जुनं, समजू शकतो. तुझी तर वॉरंटीसुद्धा संपली नाही!"

"काका, वॉरंटीत हार्ट कव्हर होत नाही. टर्म्स अँड कंडिशन्स वाचल्या नाहीत मी."

घरी येऊन हे तुम्ही आईला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा हसलात.

मग तो शनिवार. तुमची तुकडी 'पास' झाली म्हणून समारंभ ठेवला होता. बेंगळुरूत कुणाचं काही चांगलं करायचं म्हटलं की शाल, चंदनाचा हार आणि पेटा हे आलंच. त्यात केंद्रानं वेगळं काही केलं नाही. केंद्राच्या मॅडमनी माइकवर एकेकाचं नाव घेतलं, वजन किती उतरलं ते सांगितलं, आणि तुमच्या वेळी खराब कोलेस्टेरॉलचा आकडा वाचून दाखवला. "अंकल, टार्गेट अचीव्ड! यू आर अवर सक्सेस स्टोरी." टाळ्या. पेटा. फोटो. हा आकडा रोजच्या गोळीनं खाली आणला आहे, ती गोळी अशीच चालू राहणार, जन्मभर, हे एक वाक्य त्या माइकवर कुणी बोललं नाही. समारंभ चांगला तासभर चालला. एक वाक्य मावलं असतं.

दुसऱ्या कुणाला त्या पेट्यानं फरक पडला नसता. फोटो काढून, पेटा कपाटात टाकून माणूस मोकळा झाला असता. पण त्यांनी तो घातला तुमच्या डोक्यावर, आणि तुमच्या कारखान्यात पेट्याचा अर्थ एकच होता. शेवटच्या दिवशी, कँटीनमध्ये, निवृत्त होणाऱ्याला. पेटा एकदा चढला की त्या माणसानं हत्याराला परत हात लावायचा नाही, असा तुमच्या खात्याचा दंडक. त्याचं भिंग, चिमटे, माप घ्यायच्या पट्ट्या, सगळं दुसऱ्यानं आवरायचं. तो नुसता बसून बघायचा. तुम्ही किती जणांना पेटा बांधलात आणि किती जणांच्या टेबलावरचं सामान आवरलंत, हे लहानपणापासून ऐकत आले मी. "माणूस रडतो तो भाषणाला नाही, ग. चिमटे दुसऱ्याच्या हातात जाताना रडतो."

त्या शनिवारी मी घरी नव्हते, बस थांब्याच्या निदर्शनांना गेले होते. संध्याकाळी जेवणानंतर आई पाण्याचा पेला आणि गोळ्या घेऊन आली तेव्हा तुम्ही हात मागे घेतलात म्हणे. "पेटा चढलाय. आता हत्याराला हात लावायचा नाही." रक्तदाबाची गोळी घेतलीत. रक्त पातळ ठेवणारी घेतलीत, कारण ती सोडली तर स्टेंट तुंबेल असं डॉक्टरांनी दरडावून सांगितलं होतं. कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल दरडावणारं कुणी नव्हतं. तिचं टार्गेट होतं आणि ते अचीव्ड होतं. तुम्ही ती पट्टी टेबलावर उभी ठेवलीत, पेट्याची सुटलेली जरीची दशी तिच्यावर बसवलीत आणि दोन शब्द बोललात. "प्रामाणिक सेवा केली. खात्याला अभिमान आहे." आई हसून हसून खाली बसली. तिला वाटलं, डॉक्टरांनीच बंद करायला सांगितली असणार.

मला हे सगळं कळलं आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला.

आईनं पाटावर तुमचं भिंग मांडलं, स्कूटरची किल्ली, माझा स्टेपलर आणि पोस्टर चिकटवायचा ब्रश. तुमचं चावीचं घड्याळ. आणि शेवटी तुमची गोळ्यांची डबी. "ह्यांचं आता खरं आयुध हेच," म्हणत तिनं डबीला कुंकू लावलं. मी झाकणातून आत बघितलं.

"आई, रात्रीच्या खान्यात एक गोळी कमी कशी?"

"ती रिटायर झाली की," आई म्हणाली आणि तिला परत हसू फुटलं. "पेट्याच्या दिवशी. तुला सांगितलंच नाही का ह्यांनी? भाषणसुद्धा केलं होतं."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

तुम्ही सोवळ्याचा काठ सारखा करत म्हणालात, "सांगायला कशाला पाहिजे? केंद्रानं पास केलं. रिपोर्ट बघ, आकडा मापात आहे."

"हा रिपोर्ट गोळी चालू असतानाचा आहे, अण्णा!"

"मापात आहे का नाही, तेवढं बोल."

"आहे, पण..."

"मापात बसलेल्या भागावर परत कानस चालवली तर भाग वाया जातो. जन्मभर मी दुसरं काय केलं?"

"तुम्ही भाग नाही आहात!"

"आणि तू डॉक्टर नाहीस. त्या गोळीनं माझ्या पोटऱ्या दुखायच्या. आता बघ, दुखतात का?"

"मग ते डॉक्टरांना सांगायचं. मात्रा बदलतात, दुसरी गोळी देतात. आपल्या मनानं थोडीच बंद करायची?"

"अय्यो, पूजेच्या दिवशी पत्रक वाचायला लागली ही. स्वल्प प्रसाद तरी खाऊ दे."

मी आवाज चढवला. तुम्हीही चढवलात. आणि आई, जी इतका वेळ वाती वळत होती, तिनं पाटावरचं घड्याळ उचललं.

"अहो, ह्याला रोज सकाळी चावी देता ना?"

"देतो."

"वेळ बरोबर दाखवतंय म्हणून कधी द्यायची सोडलीत?"

  तुम्ही तिच्या हातातून घड्याळ घेतलंत, काचेवर सांडलेलं कुंकू उपरण्यानं पुसलंत, कानाला लावलंत. मग हसलात. आईकडे बघून, माझ्याकडे नाही.

"हे बरोबर पकडलंस तू. सरी, ठीक आहे. सोमवारी लॅब उघडली की रक्त देतो. आकडा चढला असेल तर डॉक्टरांकडे जाऊ, गोळी परत कामावर."

"आजच फोन करा डॉक्टरांना."

"आयुधपूजेला कोण फोन उचलतं? सोमवारी." आणि माझ्या ओंजळीत चुरमुरे-बत्तासे ओतलेत. "भांडण सोमवारपर्यंत राखून ठेव, मोर्चाक्का."

राखून ठेवलं. मधल्या दिवसांत मुद्देही काढले, तुम्ही म्हणता तसे, आधी माल, मग रंग. सोमवारच्या आधी रविवार आला.

डॉक्टरांना मी नंतर सरळ विचारलं. गोळी बंद केली म्हणून गेले का? ते म्हणाले, असं एका कारणावर बोट ठेवता येणार नाही, पण ती गोळी बंद व्हायला नको होती. बंद केली की काही आठवड्यांत आकडा परत वर जातो. आणि तिचं काम नुसतं आकड्यापुरतं नसतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जे साचलेलं असतं ते फुटू नये, शांत पडून राहावं, ह्यालाही तिचा हातभार असतो. ज्याला एकदा अटॅक येऊन गेला आहे त्याच्यासाठी ती जन्माची सोबत, असं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. इतकं साधं की मला जास्तच राग आला. हेच त्या माइकवर सांगता येत होतं. गोळी घेतली असती तर तुम्ही शंभरी गाठली असती, असा दावा मी करणार नाही. तुम्ही तो कापलाच असता. तुम्हाला ती संधी मिळायला हवी होती, एवढंच म्हणते.

चौथ्या दिवशी निखिल आला. ऑफिसच्या गाडीतून थेट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा तसाच. बूट काढायला वाकला आणि तुमचे बूट बघून तिथेच जमिनीवर बसला.  मग म्हणाला, "ताई, एक सांगायचं होतं. मी पण बंद केली होती."

"काय?"

"कोलेस्टेरॉलची टॅबलेट. काका म्हणाले, कंप्यूटर, आपण दोघं पास. मला वाटलं, काका एवढे चिकित्सक, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थोडीच बंद केली असेल? मी पण नाही विचारलं ना मग."

अण्णा, त्या क्षणी मला तुमचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही. स्वतःचं माप तुम्ही स्वतःच घेतलंत, ते एक वेळ सोडा. दुसऱ्याच्या मुलालाही पास करून टाकलंत? ज्या माणसानं भिंगाखाली न धरता एक चक्रसुद्धा पुढे सरकू दिलं नाही, त्यानं? तुमच्यावर अन्याय झाला हे खरं. तुमच्याकडून तो पुढे गेला, हेही खरं. हे मी स्मृतिलेखात लिहू नये असं मामा म्हणाले. मी लिहिते आहे. तुम्ही मला गाळायला शिकवलंत ती विशेषणं. खरं गाळायला शिकवलं नाहीत.

आई आतून ऐकत होती. बाहेर आली. चार दिवसांत ती कुणाशी धड बोलली नव्हती.

"ऊठ," ती निखिलला म्हणाली. "हिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. आत्ता."

"काकू, आज तुमच्याकडे हे असं... मी मंडेला नक्की..."

"सोमवार म्हणालास तर बघ!"

इतक्या मोठ्यानं ओरडलेली ती मी कधी ऐकली नव्हती. शेजारच्या अक्का भाताचं पातेलं घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थबकल्या. निखिल उठला. आम्ही रिक्षानं गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, आणि आकडा यायची वाट न बघता गोळी त्याच दिवशी परत सुरू केली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. आकडा पुन्हा वर चढलेला होता. तुमचाही असाच चढलेला असणार. तो कुणी मोजला नाही.

मग आम्ही दोघं केंद्रात गेलो. दारातच तुम्ही उभे. माणसाच्या उंचीचं चित्र, पेटा, हार, अंगठा वर केलेला. मला माहीत आहे, तुम्ही असा अंगठा कधी वर करत नव्हता. फोटोवाल्यानं करायला लावला असणार. मॅडमना कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, त्यात मला शंका नाही. पण मग त्या म्हणाल्या, "फाइलमध्ये लिहून दिलं होतं की, औषधं चालू ठेवा म्हणून." दिलं होतं. इंग्रजीत, विम्याच्या कागदांच्या मागे.

"समारंभात का नाही सांगितलं?"

"तो आनंदाचा कार्यक्रम असतो हो. औषधांचं काढलं की मूड जातो."

मूड. तुम्ही असतात तर ह्या शब्दावर भिंग धरलं असतंत. नंतर केंद्रातल्या एका मुलीनं तुम्हाला फोनही केला होता, आठवतं? मी बाजूलाच होते. सेवा कशी वाटली, पाचातले किती तारे द्याल? तुम्ही पाच दिलेत, वर त्या मुलीला "जेवलीस का ग?" असं विचारलंत. गोळी चालू आहे का, हे तिनं विचारलं नाही. तिच्या प्रश्नांत ते नव्हतंच.

मॅडम तुमचं ते चित्र आत न्यायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या. पुढच्या समारंभात पेटा बांधण्याआधी प्रत्येकाला त्याच्या भाषेत, माइकवर, एक वाक्य सांगा, गोळी थांबवायची नाही म्हणून. बस. त्या म्हणाल्या, वर विचारून कळवते. अजून कळवलेलं नाही. समारंभाच्या शनिवारी मी दारात पत्रकं घेऊन उभी राहणार आहे. निखिल म्हणतो, तोही येणार, आणि येताना पेटा घालून येणार.

तुम्हाला सांगायचं राहिलं ते हे. बस थांब्याच्या दुसऱ्या निदर्शनाला तुम्ही आलात, कुणी बोलावलं नसताना. छातीत स्टेंट, डोक्यावर ऊन, आणि फलक धरलात तोही असा काटकोनात की बाकी सगळ्यांचे वाकडे दिसायला लागले. मी तुम्हाला ओरडले, सावलीत बसा म्हणून. आभार मानले नाहीत. समारंभानंतरचे ते सहा महिने तुम्ही चालत होता, जिने चढत होता, माझ्यावर हसत होता. ते महिने मला त्याच केंद्रानं आणि आधी घेतलेल्या त्याच गोळीनं दिले, हे मी नाकारत नाही. म्हणून तर जीव जळतो. चालू असलेलं काहीतरी थांबलं.

घड्याळाला चावी आता आई देते. सकाळी, तुमच्या वेळेला, खिडकीपाशी उभी राहून. पेट्याचं काय करायचं ते तिला कळत नाही. फेकवत नाही, ठेववत नाही. सध्या तो तुमच्या बुटांच्या फडताळात वरच्या कप्प्यात आहे.

एका पत्रकाला एकच मागणी, असं तुम्ही म्हणायचात, कारण वाचणाऱ्याच्या दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असते. हे पत्रक तुम्ही तपासणार नाही, अण्णा. तरी एकच ठेवते आहे.

वाचणाऱ्यांनो, हे तुम्हाला. तुमच्या घरात, शेजारी, ऑफिसात कुणाला तरी हार्ट अटॅक येऊन गेलेला आहे, कुणाच्या तरी छातीत स्टेंट आहे. तुम्हाला तो माणूस माहीत आहे. आत्ता त्याचं नाव तुमच्या डोळ्यांपुढे आलं. त्याचा रिपोर्ट छान आहे का, ते विचारू नका. कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का, ते विचारा. बंद असेल आणि डॉक्टरांनी बंद केलेली नसेल, तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याला डॉक्टरांना फोन लावून द्या आणि तो बोलेपर्यंत शेजारी उभे राहा.

आज. सोमवारी नाही.